तीन सुना आणि सादिरकुल आजोबांचं प्रेशर

नातवाला पाळण्यात घालायची मेजवानी चालू होती. आमची रुग्णवाहिका पोचली तेव्हा मटण तसंच सोडून सगळा गोतावळा दारात उभा.

"प्रेशर दोनशे झालंय!" थोरली सून ओरडली. "उतरवायचं इंजेक्शन टोचा लवकर!"

बुरुल एझे, म्हणजे बुरुलताई, माझी वरिष्ठ. आग लागली तरी आधी विचारणार, कुठे लागली. तिने आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा ऐंशी! आजोबा पांढरेफटक, घामाने डबडबलेले.

"काय औषध दिलंत?"

"काही नाही!" तिन्ही सुना एका सुरात.

"मी इंजेक्शन टोचलं, तर हेच मटण मयतीला वाढावं लागेल. बोला."

थोरली चाचरली. "चक्कर येते म्हणाले, म्हणून प्रेशर उतरवायची एक गोळी जिभेखाली ठेवली. एकच."

"अगंबाई! एक मीही ठेवली," मधली म्हणाली.

"तुम्हा दोघींना कुठलं सुचायला, असं वाटलं मला," धाकटी पुटपुटली. "मी दोन दिल्या."

"माझी जर्मनीची होती हं," शेजारीण झूरा अभिमानाने म्हणाली.

बुरुल एझेने आजोबांना आडवं केलं, पायांखाली गोधड्यांची चळत लावली आणि सलाईनची बाटली माझ्यापुढे धरली. देण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचायचं, हा आमचा नियम.

"सोडियम क्लोराईड, शून्य पूर्णांक नऊ टक्के," ती गंभीरपणे म्हणाली.

"शून्य पूर्णांक नऊ टक्के," मी म्हणालो.

"मुदत आहे. पाणी स्वच्छ आहे."

"मुदत आहे. स्वच्छ आहे."

मागे शांतता पसरली. वळून पाहतो तर आम्ही दुआच म्हणतोय असं समजून अख्खं घर ओंजळ पसरून उभं. "आमीन!" म्हणत सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मला हसू आवरेना. बुरुल एझेने डोळे वटारले आणि सुई टोचली.

हळूहळू आकडा शंभरावर आला. आजोबांनी डोळे उघडले.

"आजोबा, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?"

"औषधाची नाही, सुनांची आहे."

"बाबा, आम्ही जिवाच्या काळजीने—"

"एकीची काळजी पुरली असती गं मला!"

"दवाखान्यात चला. रात्रभर लक्ष ठेवायला हवं," बुरुल एझे म्हणाली.

"मला कशाला? ह्या तिघींना न्या!"

शेवटी आजोबाच आले. दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी परतले. तेव्हापासून गोळ्यांचा डबा उशाखाली घेऊन झोपतात आणि सुनांपैकी कुणी "बरं वाटतंय ना?" विचारलं, की आधी तोंड घट्ट मिटतात.