सोयर कोणी धरले

माझे मरण पुष्कळांनी पाहिले होते. चांदूर बाजारच्या आमच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर, पूर्णेच्या काठी, वडिलांनी माझ्या नावाने मडके फोडले, भाऊबंदांनी स्नाने केली आणि घराने सुतक धरले. त्या वेळी मी, नुकताच ख्रिस्ती झालेला, अमरावतीस मिशनच्या शाळेत मुलांना बेरजा शिकवीत होतो. जिवंतपणी मेलेला मनुष्य कसा दिसतो, असे कोणी मला विचारले असते तर मी सांगितले असते, की त्याचे हात खडूने भरलेले असतात. बाकी काही फरक नाही.

जन्म मात्र कोणीच पाहिला नव्हता. मीही नाही. आणि अमोलिक पाळकांना तोच हवा होता.

अमोलिक पाळक आमच्या मंडळीचे धर्मगुरू. ते नगरकडचे, उंच, स्वच्छ बोलणारे. दर हिवाळ्यात वऱ्हाडातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची सभा अकोल्यास भरे, आणि या वर्षी तिथे नव्या विश्वासणाऱ्यांनी साक्ष द्यावी असे ठरले होते. आपला नवा जन्म कोणत्या दिवशी, कसा झाला, एवढेच सांगायचे, असे ते मला समजावीत. "जुना उद्धव मेला, या वाक्याने आरंभ करा," ते म्हणाले. "मंडळीच्या मनाला भिडते." त्यानंतर मला प्रभुदास हे नवे नाव मिळणार होते, आणि हिवरखेडच्या लहानशा मंडळीवर उपदेशक म्हणून माझी नेमणूक होणार होती.

मी रात्रंदिवस तो दिवस शोधत होतो, आणि तो सापडत नव्हता.

चांदूरहून अमरावतीस शिकायला आलो तेव्हा मी इतका अबोल होतो, की हजेरी घेतानासुद्धा मास्तरांकडून माझे नाव कित्येकदा राहून जाई. मिशनच्या वाचनालयात एका संध्याकाळी कोणीतरी सांगत होते, की देव प्रत्येकाला नावाने ओळखतो आणि नावाने हाक मारतो. माझ्यापाशी मोठी पापे नव्हती. तेवढे धैर्यच नव्हते. मला कोणी हाक मारावी, एवढीच तहान होती. त्या तहानेने मी तिथवर गेलो, घर सोडले, जात सोडली. आणि आता ज्यांनी मला हाकेचे वचन दिले तेच माझे नाव बदलू पाहत होते.

बाप्तिस्म्याच्या सकाळी मिशनच्या हौदात मी छातीभर पाण्यात उभा राहिलो. मागे वाकवून पाळकांनी मला बुडवले आणि वर काढले. माझ्या नाकात पाणी गेले होते. भिंतीपलीकडून कोणी कडब्याची गाडी हाकत चालला होता. मी थांबलो, की आता आत काहीतरी उजळेल. बाहेर आल्यावर दवाखान्यातल्या गोवर्धन कंपाउंडरने पाठीवर थाप मारून विचारले, "काय वाटून राह्यलं?" मी म्हणालो, "थंडी वाजते."

गोवर्धनचा नवा जन्म सर्वांना पाठ होता. पूर्वी तो दारूत बुडालेला असे. एका दुपारी गटाराच्या काठी पडला असता त्याला प्रकाश दिसला आणि तो उठला तो नवा होऊन. ही हकीकत तो इतक्या गोडीने सांगे, की दर खेपेस गटार थोडे अधिक खोल होई. मी त्याचा हेवा करीत असे. हेवासुद्धा जुनाच होता, शाळेतला. माझी भीती जुनी, माझे लाजणे जुने, पाढा चुकणाऱ्या मुलावर येणारा संतापही जुनाच. आमच्या मळ्यात संत्र्याच्या रोपाला कलमाचा डोळा बांधला की तो जगला का, हे काही दिवसांनी सुतळी सोडून पाहतात. मी रोज सकाळी मनाची सुतळी सोडून पाही. डोळा तसाच असे; ना वाळलेला, ना फुटलेला.

बदलली होती ती केवळ जीभ. आम्ही वऱ्हाडी माणसे ळ च्या जागी य म्हणतो, त्यामुळे आरंभी मी पाळकांना 'पायकसाहेब' म्हणत असे. ते हसले, आणि त्यांनी प्रेमाने, चिकाटीने माझा ळ घडवला. नव्या मनुष्याला नवी वाणी हवी, असे ते म्हणत. मी शुद्ध बोलू लागलो, आणि बोलताना प्रत्येक वाक्यानंतर मला वाटे, की हे कोण बोलले?

संत्र्यांच्या दिवसांत माझी आई, तानुबाई, अमरावतीस मामाच्या घरी राहून भाजीबाजारात बसत असे. पुढ्यात संत्र्यांचा ढीग, बाजूला झेंडूची पाटी आणि जुना पितळी तराजू. सुतक धरल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. मेलेल्याशी बोलता येत नाही, हे वडिलांनी तिला बजावले होते. पण गिऱ्हाईक कोणीही असू शकते. म्हणून मी संत्री घ्यायला जाई, आणि ती शेजारी मेथी विकणाऱ्या माणिकबाईच्या तोंडून माझ्याशी बोले.

"माणिकबाई, त्या गिऱ्हाइकाले सांग, संत्री चाचपू नोको म्हना."

"भाऊ, चाचपू नोका म्हन्ते थे," माणिकबाई गंभीरपणे सांगे. मग स्वतःचे जोडी, "अन वायून गेले म्हन्ते, मिशनवाले खाऊ नाही घालत काय?"

तोलून झाल्यावर आई एक संत्रे वर टाकी. ते ती कुठल्याही गिऱ्हाइकाला टाकी. पण माझ्या संत्र्याला पान असे.

अकोल्यास निघण्याच्या आदल्या बाजाराला मी गेलो. मी माणिकबाईला म्हणालो, की आईला सांगा, मी अकोल्याच्या सभेला जातो आहे. तिथे मला माझ्या नव्या जन्माविषयी बोलायचे आहे.

"नवा जलम?" माणिकबाईने मेथीची जुडी खाली ठेवली. "अन आतालोक होता थो कोनता?"

मी समजावू लागलो. देव मनुष्याला आतून पुन्हा जन्म देतो. देह तोच, आत्मा नवा. माझा प्रत्येक ळ जागच्या जागी होता आणि त्यातले एकही अक्षर त्या दोघींपर्यंत पोचत नव्हते. जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून माझी आई दर वर्षी रिद्धपूरच्या यात्रेला जाऊन दंडवत घालून येई. तिला 'पुन्हा जन्म' हे वरदान म्हणून सांगणे म्हणजे सुटका मागणाऱ्या कैद्याला नव्या कोठडीची किल्ली देणे होते. माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. इतक्या मोठ्या गोष्टीसाठी माझ्या भाषेने माझ्या हाती हा एवढाच शब्द द्यावा, आणि तोही आधीच दुसऱ्या दुःखासाठी वापरून झालेला, याचा मला विलक्षण राग आला.

आई झेंडू निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माणिकबाई, इचार त्याले. जलमला म्हन्ते, तं बायंतीन कोन होती? सोयर कोनं धरलं?"

माणूस मेले की घर सुतक धरते, मूल जन्मले की सोयर. माझे सुतक धरणारे घर होते. सोयर धरणारे कोण? मनुष्य पुन्हा आईच्या पोटी कसा जाईल, हा प्रश्न फार पुरातन आहे, आणि तो ज्याने प्रथम विचारला त्याला पवित्र शास्त्रात उत्तरही मिळालेले आहे. ते उत्तर मला तोंडपाठ होते. त्या क्षणी त्यातला एक शब्द जिभेवर येईना.

"सोयर कोणी धरले नाही," मी म्हणालो. "मंडळीने गीत म्हटले."

माणिकबाईला हसू आवरेना. त्या हसण्याने मी चिडलो, आणि जे सांगायचे नव्हते तेही सांगून टाकले. मी म्हणालो, की सभेत मला पहिलेच वाक्य असे म्हणायचे आहे, की जुना उद्धव मेला.

आईचे हात थांबले. मग ती माझ्याकडे पाहून, मडके फुटल्यानंतर प्रथमच, माझ्याशी बोलली.

"कावया शिवला नाही."

मला समजले नाही.

"तुया पिंडाले कावया शिवला नाही, उद्धवा. ऊन डोक्यावर आलं, तरी शिवला नाही. झाडावर बसून पाहून राह्यला होता, पन खाली उतरला नाही. मंग तुया बापानं दर्भाचा कावया करून टेकवला. मले तवाच समजलं का माहा पोरगा मेला नाही म्हनून. पन म्या कोनाले सांगतलं नाही." तिने ओठ आवळले. "अन आता तूच भर सभेत सांगतं का मेला. बापानं मडकं फोडलं थे कमी पडलं काय?"

मी म्हणालो, "माय, ते तसे मरण नाही." पण ते कसे मरण, हे मलाच ठाऊक नव्हते. मग, तो दिवस शोधण्यात गेलेल्या सगळ्या महिन्यांचा थकवा त्या एका वाक्यात उतरला असावा. मी म्हणालो, की मला त्या जन्माचा दिवस विचारतात, आणि मला काहीच जाणवले नाही.

"तुले काय जानवन?" ती फटकारून म्हणाली. "पह्यल्या खेपेले तरी जानवलं होतं काय? रडला नोयता तू. कायानिया पडला होता. सुईन म्हने, गेलं लेकरू, अन फडक्यात गुंडायून ठेवलं तुले कोपऱ्यात. मंग तिच्याच मनात काय आलं देव जाने, तिनं कास्याची थायी घेतली अन तुया कानापाशी बदडबदड बदडली. मले वाटलं घर पडते. तवा कुठी तू रडला." तिने पदराने नाक पुसले. "जलम अगुदर झाला, बाप्पा. रडनं मांगून आलं. अन तुले इचारून नाही झाला थो."

मग तिने मान फिरवली. "माणिकबाई, गिऱ्हाइकाले सांग, सर बाजूले. मालावर सावली पडून राह्यली."

दुसऱ्या दिवशी आम्ही बडनेऱ्यास गाडी धरली. अकोल्यापर्यंत दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. गोवर्धन डब्यात आपल्या साक्षीची उजळणी करीत होता. मी माझे वाक्य मनात म्हणून पाहत होतो, आणि दर वेळी 'मेला' या शब्दापाशी एक कावळा झाडावर बसून माझ्याकडे पाही.

सभेचा मांडव भरला होता. गोवर्धन बोलला तेव्हा बाया डोळे टिपत होत्या. मग अमोलिक पाळकांनी माझ्याकडे हात केला आणि सांगितले, की आता आपले बंधू उद्धव, जे आजपासून प्रभुदास होतील, आपल्या नव्या जन्माचा दिवस मंडळीला सांगतील.

मी उभा राहिलो. "जुना उद्धव," मी म्हणालो, आणि तिथे अडलो. मांडवाचे कापड वाऱ्याने फडफडत होते. पाळकांचे ओठ हलले. ते मला पुढचा शब्द पुरवीत होते.

"मेला नाही," मी म्हणालो. माझा घडवलेला आवाज कुठे गेला कोण जाणे. "मले दिवस ठावं नाही. आपन जलमतो तवा आपल्याले समजत नाही. मी जलमलो असीन. देवाले ठावं असन. मी अजून रडलो नाही, एवढंच मले समजते."

मी बसलो. मागच्या रांगेत हिवरखेडकडची माणसे होती, त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आपल्या शेजाऱ्याला, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हटले, "आपल्याकडचाच हाय हा." मग अमोलिक पाळक अतिशय कोमल स्वरात म्हणाले, की या आपल्या दुर्बळ बंधूसाठी आपण प्रार्थना करू. सगळ्यांनी डोळे मिटले. मी एकटाच उघड्या डोळ्यांनी बसलो होतो, आणि इतक्या मिटलेल्या डोळ्यांपुढे मला लाजही वाटत नव्हती. वाटत होता तो केवळ संताप. त्यांच्यावर नव्हे. जो मला नावाने हाक मारणार होता, त्याच्यावर.

सभा सुटल्यावर पाळकांनी मला बाजूला नेऊन सांगितले, की शंका ही पापाची धाकटी बहीण असते. ही शंका नाही, ही वाट पाहणे आहे, हे उत्तर मला सुचले ते परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडल्यावर. हिवरखेडची नेमणूक गोवर्धनला मिळाली. माझे नाव उद्धवच राहिले.

मी प्रार्थना सोडली नाही. जन्म देणे हे ज्याचे काम, त्याच्या कामात मी रोज सुतळी सोडून डोकावत होतो, हे मला त्या दिवसांत कळले. पण कळणे म्हणजे उजाडणे नव्हे. सकाळी उठलो की छातीत तीच जुनी शांतता असे, आणि आता ती तपासायचीही सोय राहिली नव्हती.

पुढच्या बाजाराला मी गेलो. अकोल्याहून आलेल्या कोणी आधीच बातमी पोचवली असावी, कारण माणिकबाई मला पाहताच सरसावून बसली. आईने मान वर केली नाही. तिने संत्री तोलली, माझ्या पिशवीत ओतली, वर पान असलेले एक टाकले.

"माणिकबाई," ती म्हणाली, "त्याले इचार, रडला काय?"

माणिकबाईने या खेपेस स्वतःचे काही जोडले नाही. "रडले काय, भाऊ?"

"अजून नाही," मी म्हणालो.

आईने तराजू उचलला. रिकाम्या पारड्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटून राहिल्या होत्या. त्या झटकायला हात पुरला असता. पण तिने लोखंडी वजन घेतले आणि त्या पितळेवर हाणले, एकदा, मग पुन्हा, मग आणखी जोराने, इतके की आजूबाजूची गिऱ्हाइके वळून पाहू लागली. पाकळ्या केव्हाच गळून पडल्या होत्या. ती थांबली नाही, आणि मी बाजूला सरलो नाही.