तीनदा, मग पुढचा दात

माझं डोकं तापट आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून वहिनीने आधीच बजावलं, "भाऊजी, चिडायचं नाही आणि हसायचंही नाही. ही गादी आज घराबाहेर गेली नाही तर मी कायमची लेकीकडे जाते. आठ महिने डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. गादीतून आवाज येतो. खर्र, खर्र, खर्र. मग थांबतो. मग परत तीनदा."

"उंदीर असेल," मी म्हणालो आणि हसलोच.

आठ महिन्यांपूर्वी दादा गेला तो याच गादीवर. शेवटची दोन वर्षं त्याने तिच्यावर पडून काढली. त्याआधी आम्ही दोघं मिळून झाडं कापायचो. चेनसॉ कसा धरायचा हे मला त्यानेच शिकवलं. गादी फोमची, वीतभर जाड. खिडकीला गज बसवायच्या आधी तिथूनच दोराने वर चढवलेली, त्यामुळे आता जिन्याच्या वळणावर अडत होती. कापण्यावाचून इलाज नव्हता.

फोम कापायला काय लागतं, असं लोकांना वाटतं. खोळीसकट कापून बघा. कापड साखळीत असं गुंडाळतं की तासभर उपसत बसाल. मी खोळ उसवली, गादी जमिनीवर घेतली, दोन फळ्यांमध्ये दाबून बांधली आणि विजेवरचा छोटा चेनसॉ काढला. "कडक लाकूड तुला अडवतं," दादा म्हणायचा. "मऊ लाकडात तुझं तुलाच थांबावं लागतं." फळ्या आवळल्या तशी गादीने हवा सोडली. मलमाचा आणि त्याच्या घामाचा वास खोलीभर झाला. वहिनी दाराकडे तोंड करून उभी राहिली.

अर्ध्यापर्यंत पातं सुरळीत गेलं. मग खाडकन आवाज झाला, ठिणगी उडाली. मी बटण सोडलं आणि फोममध्ये हात घातला. दादाचा उजवा हात असायचा त्या जागी, खालच्या बाजूने पाडलेल्या चिरेत, त्याची साखळीला धार लावायची गोल कानस होती.

आजारपणातही तो पडल्या पडल्या साखळीला धार लावून द्यायचा. एका दाताला तीनदा कानस, मग पुढचा दात. दोनदा नाही, चारदा नाही. पुढे त्याचा हात थरथरायला लागला, एकेका साखळीला दोन दोन दिवस जायला लागले. गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलेलं. एक दिवस मी साखळी त्याच्या हातातून हिसकावून घेतली. "बास झालं! तुला आता कशाला हवी कानस?" तो भिंतीकडे कूस वळवून पडला. कानस मात्र त्यानंतर कुणाला दिसली नव्हती.

मी पलंग भिंतीपासून ओढला. त्याच्या भिंतीकडच्या लोखंडी पट्टीवर खाचा होत्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर. जेवढ्या अंतरावर साखळीचे दात असतात तेवढ्याच. सगळ्या गंजलेल्या. शेवटची तेवढी चकचकीत होती, आणि तिच्याखाली जमिनीवर लोखंडाची ताजी भुकटी.

"आता हसा," वहिनी म्हणाली.

साखळीची धार गेली होती आणि गादी अर्धी राहिली होती. दुसरं काही सुचेना, म्हणून मी तिथेच बसलो आणि त्याच कानशीने धार लावायला घेतली. खर्र. खर्र. पुढे हात उचलेना. लाज वाटत होती मला, दुसरं काही नाही.

खर्र.

तिसरा आवाज पट्टीतून आला. वहिनीनेही ऐकला, तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तो हललेला नव्हता.

मी साखळी काढली आणि पलंगावर ठेवली, कानस तिच्या शेजारी. "चुकलं माझं, दादा," मी म्हणालो. "धार तूच लाव."

वहिनीने लेकीला फोन करून सांगितलं की येत नाही. मग पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली.

"सावकाश करा हो," ती रिकाम्या पलंगाकडे बघत म्हणाली. "घाई नाही कुणाला."