खोकला : नाही

मित्रांनो, माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्याला तडा गेला आहे. चार्जरची पिन जरा वाकडी धरली तरच माझ्या पोटात वीज जाते. पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर लिहिला होता, तोही निम्मा पुसला आहे. ओळखलेत ना? एका आरोग्य केंद्रातला मी जुना टॅब. हल्ली औषधांच्या कपाटावर पडून असतो, त्यामुळे गोष्ट सांगायला वेळच वेळ आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एकाच दिवशी माझी हजारो भावंडे जन्मली, म्हणून माझे वेगळे कौतुक कोण करणार? कौतुक झाले ते केंद्रात आल्यावर. खोके उघडले तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले होते. "सुटले बाई त्या रजिस्टरांतून!" असे म्हणत मोठ्या सिस्टरांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि रुमालाने माझी काच पुसली. खरे सांगतो, त्या दिवशी मी हवेत होतो.

मोठ्या सिस्टर वीस वर्षे घरोघर फिरत होत्या. झपझप चालायच्या आणि त्याहून झपझप बोलायच्या. त्यांच्या पिशवीत बसून मी रोज पंधरा-वीस घरे पाहू लागलो. घरे कसली, छते पाहू लागलो! सिस्टर मला मांडीवर आडवा ठेवत आणि माझ्याकडे बघतच लोकांना प्रश्न विचारत. ताप? नाही. खोकला? नाही. वजन घटलंय? नाही. टक, टक, टक. रकाने भराभर भरत आणि मला वाटे, आपल्यासारखे काम कोणालाच जमणार नाही.

मग एकदा वरून आदेश आला. सर्वांनी ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचे. त्याचे नाव माझ्या काचेवर एका ओळीत मावेना : 'वेगवेगळ्या समाजांतील लोकांना आदराने आरोग्यसेवा देणे'. आठ धडे, शेवटी परीक्षा, मुदत पंधरा दिवस. सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

"लसी टोचू की धडे गिरवू?" सिस्टर म्हणाल्या.

तेव्हा औषधे देणारे काका पुढे सरसावले. "द्या सगळ्यांचे पासवर्ड इकडे. दोन दिवसांत निकाल लावतो." त्यांनी खरोखरच जेवणाच्या दोन सुट्ट्यांत अकरा जणांचे प्रशिक्षण उरकले. एका हाताने जेवायचे आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीने 'पुढे', 'पुढे' दाबत राहायचे. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला शेवटचा पर्याय, 'वरीलपैकी सर्व'. आणि गंमत बघा, अकराच्या अकरा जण पैकीच्या पैकी गुण मिळवून पास! प्रमाणपत्रे भिंतीवर लागली, वरून शाबासकीचे पत्र आले. मला सगळे ठाऊक होते, पण मी पडलो मुका.

त्याच महिन्यात गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजच्या मागच्या खोल्यांत लांबून कामाला आलेली काही कुटुंबे राहायला आली. शेवटच्या खोलीत एक तरुण बाई, तिचा नवरा, दोन महिन्यांचे बाळ आणि नवऱ्याची आत्या. आत्याबाईंच्या शब्दाबाहेर त्या घरात कोणी नव्हते. आम्ही दारात पोचलो तेव्हा आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. सिस्टरांनी मला पिशवीतून काढले आणि खोली चिडीचूप झाली.

"खोकला कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्ता ऐकला की मी!"

"ठसका लागला होता सुनेला."

सिस्टरांनी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर आले. शेवटी त्यांनी नाइलाजाने 'खोकला : नाही' असे लिहिले. आम्ही तीनदा गेलो, तीनदा तेच लिहिले. चौथ्या खेपेला दार उघडलेच नाही.

परत येताना सिस्टरांची चाल मंदावली होती. त्यांना पहिल्याच दिवशी क्षयाचा संशय आला होता. आईला क्षय असेल तर तिच्या कुशीतल्या बाळाचे काय, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला. तपासणीची सोय होती, औषधे कपाटात भरून होती. मधे होते फक्त एक बंद दार.

त्या दुपारी रुग्णांची रांग संपल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी ते प्रशिक्षण पहिल्या धड्यापासून उघडले. स्वतः वाचले, स्वतः परीक्षा दिली. दहापैकी चार गुण!

"काय मेलं हे!" म्हणत त्यांनी मला टेबलावर आपटले. काचेचा तडा तेव्हाचा आहे. पण रागाच्या भरात उठून गेलेल्या सिस्टर पाच मिनिटांत परत आल्या आणि धडे पुन्हा वाचू लागल्या. सहाव्या धड्याच्या शेवटी एक गृहपाठ होता : 'एका घरी जा. हातात काहीही घेऊ नका. त्यांना कशाची काळजी वाटते ते विचारा. त्यांचे बोलणे संपेपर्यंत गप्प बसा.'

"आणि न लिहिता लक्षात काय ठेवायचं, डोंबल?" त्या माझ्याशीच भांडल्या. मलाही राग आला होता. मला वगळून आरोग्यसेवा म्हणजे कमालच झाली!

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत होतो, चेन बंद. नुसते ऐकू येत होते. सिस्टरांनी दारावर हलकेच थाप मारली.

"आज लिहायला आले नाही. जरा बसू का?"

दार करकरले. "ते यंत्र कुठंय?" आत्याबाईंचा आवाज.

"पिशवीत आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय काढणार नाही."

बसल्यावर सिस्टरांनी विचारले, "आत्याबाई, आम्ही आलो की तुम्हाला कशाची भीती वाटते?" आणि त्या चक्क थांबल्या. इतका वेळ गप्प राहिलेल्या सिस्टर मी कधीच ऐकल्या नव्हत्या.

"तुम्ही लिहून नेता त्याची," आत्याबाई अखेर म्हणाल्या. "आधी राहत होतो तिथं अशीच माणसं आली, हातात असंच यंत्र. किती जण राहता, आजारी कोण. आमच्या यांचा खोकला मीच सांगितला. म्हटलं, औषध मिळेल. आठवडाभरात मालकानं खोली खाली करायला लावली. रोगट माणसं नकोत म्हणाला. आम्ही रस्त्यावर आलो आणि हे त्यातच गेले. आता हिचं लिहून नेलंत, तर हे लेकरू घेऊन जायचं कुठं?"

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. ज्या रकान्यांचा मला एवढा तोरा होता, त्यांच्याच भीतीने ती तरुण आई इतके दिवस तोंडात फडके कोंबून खोकत होती.

"चुकलं माझं," सिस्टर म्हणाल्या. "वीस वर्षं विचारतेय, पण हे कधी कुणाला विचारलं नाही. हे बघा, इथं लिहिलेलं आमचे डॉक्टर बघतात आणि मी. मालकाला सांगायचं नाही, असा नियमच आहे. तो विचारायला आलाच, तर आधी माझ्याशी गाठ आहे. पण तपासल्याशिवाय मला औषध देता येत नाही हो."

मग पहिल्यांदाच बाळाच्या आईचा आवाज आला. "बाळाला काढून नेतील का माझ्यापासून?"

"छे गं! तोंडाला मास्क लावायचा आणि खुशाल पाजायचं. पण बाळालाही तपासायला हवं."

मग आत्याबाई म्हणाल्या, "काढा ते यंत्र. आमच्यासमोर लिहा आणि काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

सिस्टरांनी मला बाहेर काढले आणि सगळ्यांना दिसेल असे मधोमध उभे धरले. त्या दिवशी मी त्या घरातली माणसे पहिल्यांदा पाहिली. आत्याबाईंच्या कपाळावरची आठी पाहिली, आईचे खोल गेलेले डोळे पाहिले. सिस्टरांनी अंदाजाने लिहून वाचले, "खोकला आहे. पाच आठवडे."

"सहा," आत्याबाई माझ्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "नीट लिहा. सहा."

थुंकीची तपासणी झाली. क्षयच निघाला आणि गोळ्या लगेच सुरू झाल्या. बाळाच्या तपासण्या मात्र लांबल्या. ते दिवस सिस्टरांनी कसे काढले ते मला विचारा. दर तासाला मला उघडायच्या, निकाल आला का बघायच्या आणि पुन्हा मिटायच्या. काकांनाही चैन पडेना. त्यांनी भिंतीवरचे आपले प्रमाणपत्र गुपचूप काढले आणि धडा पहिला उघडून बसले.

निकाल आला तो सकाळी, रांग लागलेली असताना. सिस्टर मला छातीशी धरून कोल्ड स्टोरेजपर्यंत जवळजवळ पळत गेल्या. "बाळाला काही नाही!" त्यांनी दारातूनच ओरडून सांगितले. "त्याला होऊ नये म्हणून डॉक्टर औषध देणार आहेत. पण त्याला काही नाही!" आईने बाळाला इतके घट्ट धरले की ते रडायलाच लागले. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवले. सिस्टरांनी त्यांच्या शेजारी बसकण मारली. कोणालाच उठायची घाई नव्हती. माझ्याही मनावरचा धोंडा उतरला. त्या दिवशी सिस्टर मला तिथेच विसरून गेल्या, आणि संध्याकाळी आत्याबाईंनी स्वतः मला केंद्रात आणून दिले!

आता सिस्टरांच्या पिशवीत नवा टॅब असतो. त्याला जपा, पाण्यापासून आणि धुळीपासून दूर ठेवा. पण मित्रांनो, कोणाचे दुखणे विचारायला जाल तेव्हा आधी त्याच्या तोंडाकडे बघा आणि 'लिहू का?' म्हणून विचारा. तो 'लिहा' म्हणेपर्यंत थांबा. मग काचेवर हवी तितकी बोटे आपटा, आमच्यातला कोणीही हूं की चूं करणार नाही.