तांदळातलं नाव

शरण्याने काचेच्या कपाटातून जाड, कापडी बांधणीचं पुस्तक काढलं, फडक्याने त्याची पाठ पुसली आणि इंदिराबाईंसमोर ते अलगद उघडलं.

"अज्जी, सरगूरचे शितोळे ह्यातच असणार. पण जपून हं. पानं पापडासारखी झालीत."

इंदिराबाईंनी चष्मा लावला, तो निव्वळ सवयीने. शाळा त्यांची कन्नडमधून झालेली. घरात आयुष्यभर मराठी बोलल्या, वाचायची वेळ कधी आली नाही. मैसुरातल्या जुन्या शिलेदार घराण्यांचं हे असंच झालं. तलवार घेऊन आले, मग तलवार गेली, घोडा गेला, लिपीही गेली आणि जिभेवर तेवढी भाषा उरली. ती भाषाही कन्नडचा हात धरल्याशिवाय चार पावलं चालत नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या या खोलीत प्रांतातल्या घराण्यांची पुस्तकं होती. मराठी कपाट एका कोपऱ्यात होतं, आणि देवनागरी वाचता येतं एवढ्या गुन्ह्याबद्दल त्याची किल्ली शरण्याच्या गळ्यात पडली होती. तिचे आजोबा शिंपी. दुकानात कपडा बेतता बेतता अभंग म्हणायचे आणि नातीकडून वाचून घ्यायचे. ती विद्या अशी कामाला आली. परदेशातली माणसं इथे येऊन पणजोबा शोधत, सापडला की पानाचा फोटो काढून खूश होऊन जात. बाईचं नाव शोधायला आलेल्या इंदिराबाई पहिल्याच.

"नाव काय म्हणालात?"

"नावच तर पाहिजे, मा. माझ्या भुवनची आई. म्हणजे जन्म दिला ती. शितोळ्यांची लेक, रणनवऱ्यांकडे दिलेली. माहेरी तिला काय म्हणत, तेवढं पाहिजे. अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच. पण ते एवढंसं नव्हतं, हे त्यांच्या हातांवरून दिसत होतं. मांडीवरच्या पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

आठ दिवसांपूर्वी येलवालच्या घरी भट्टरु पितृपक्षाची नावं विचारायला आले होते. भुवनचं हे पहिलंच वर्ष. वडील, फत्तेसिंगराव, गेले ते गेल्याच्या गेल्या माघात. वर्षश्राद्ध उरकलं, आता महालयाचं तर्पण त्याच्याकडे आलं. वडील, आजोबा, पणजोबा, सगळी नावं त्याने घडाघडा सांगितली. मग भट्टरु म्हणाले, आई? आणि पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने मान वर केली. समोर इंदिराबाई कॉफीचा लोटा घेऊन उभ्या होत्या.

"इंदिरा म्हणायचं कसं?" तो म्हणाला. "आई समोर उभी असताना तिच्या नावानं तीळपाणी सोडू? नन्नकैयल्ली आगल्ल. नाही होणार माझ्याच्यानं. ते एक नाव राहू द्या."

भट्टरु माणूस चांगला. ते म्हणाले, माहेरचं नाव असेल तर बघा, तेही चालेल. नसेल तर तुमची मर्जी.

भुवनने मायेपोटीच म्हटलं, पण इंदिराबाईंच्या काळजात ते रुतलं. नवरा होता तोवर दर अविधवा नवमीला त्या थोरलीच्या, गेलेल्या सवतीच्या, नावाने एक सवाष्ण जेवू घालीत. साडी, चोळी, गजरा, सगळं पुरवीत. नवरा गेला आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे ती नवमीही थांबली. आता लेकाच्या ओंजळीतलं पाणी तेवढं तिच्या वाट्याचं होतं. तेही अडलं होतं, आणि अडवणारी धोंड म्हणजे इंदिराबाई स्वतः.

एका घरात दोन इंदिरा झाल्या कशा, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. थोरली बाळंतपणात गेली. भुवन तीन महिन्यांचा असताना पिरियापट्टणच्या मोहित्यांची वीस वर्षांची पोर दुसरेपणावर आली. लग्नात नव्या सुनेचं नाव बदलायचं, नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहायचं, ही रीत. सासूबाईंनी, भागीरथीबाईंनी, ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "इंदिराच लिही. घरातल्या तोंडांना तेच वळण आहे. पोराला आई एकच बरी." फत्तेसिंगरावांनी लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. सरावाचं नाव होतं ते. गळ्यात सवतीचा चांदीचा टाक बांधला गेला आणि घरात एकच इंदिरा होती, तीच पुढे चालली. तिकडे शितोळ्यांनी वर्ष सरायच्या आत झालेल्या लग्नाचा राग धरला आणि येणं-जाणं तोडलं. पुढे ती माणसं सरगूर सोडून कुठे गेली, देव जाणे.

"सिक्कितु!" शरण्या एकदम ओरडली आणि पलीकडे पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली. "सापडलं, अज्जी! शितोळे, सरगूर. येसाजीराव, त्यांचे मुलगे तीन... आणि हे बघा, कन्या."

इंदिराबाई उठून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. शरण्या बोट फिरवत वाचू लागली.

"कन्या एक. इंदिराबाई. श्री. फत्तेसिंगराव रणनवरे, मैसूर, यांस दिली."

तिचं बोट तिथेच थांबलं.

"हे तर लग्नानंतरचं नाव."

"होय."

"माहेरच्या पुस्तकातसुद्धा सासरचंच नाव?"

इंदिराबाईंना आठवलं. पुस्तक करणारे एक निवृत्त मास्तर होते. चाळीस वर्षांपूर्वी छत्री घेऊन घरोघर फिरत. त्यांच्या घरीही आले होते, ओसरीवर बसून दोन कप कॉफी प्यायले होते. लेक कुणाला दिली एवढं विचारायचे. ती आधी कोण होती हे विचारायचं त्यांना सुचलं नसावं. आणि सुचलं नाही म्हणून त्यांना बोल तरी काय लावायचा? कुणालाच सुचलं नव्हतं.

"पिरियापट्टणचे मोहिते आहेत का बघ बरं ह्यात," त्या म्हणाल्या.

शरण्याने पानं उलटली. मोहिते सापडले. तंबाखूच्या भट्ट्या, दोन मुलगे, आणि खाली कन्या. ती वाचू लागली आणि तिचा आवाज हळू होत गेला.

"इंदिराबाई. श्री. फत्तेसिंगराव रणनवरे, मैसूर, यांस दिली." तिने पुन्हा मागचं पान उघडून पाहिलं. "अय्यो, प्रिंटिंग मिस्टेक आहे, अज्जी. एकच बाई दोन घरची लेक कशी असेल?"

"मिस्टेक नाही, मा," इंदिराबाई म्हणाल्या. "दोघी होतो."

शरण्याला उलगडायला जरा वेळ लागला. मग तिने पुस्तक मिटलं आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. म्हातारीला पाणी दिलं. त्यानंतर पोरीने कपाटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. समाजाच्या स्मरणिका, शाळेच्या जुन्या अहवालांचे गठ्ठे, सरगूर भागावरचं कन्नड पुस्तक. तीन ठिकाणी फोन केले. जुन्या काळी मुली घरीच जन्मत, घरीच वाढत. नोंद झालीच तर मुलग्यांची. दुपार कलली तरी शितोळ्यांची ती लेक कुठेच भेटली नाही. एक मुलगी जन्मली, वाढली, लग्न करून गेली आणि मूल देऊन मेली, पण तिला आईने काय म्हणून हाक मारली हे सांगणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी उरलं नव्हतं. इंदिराबाईंना रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून त्यांनी लपवलं नाही.

"पाप," शरण्या पुटपुटली. कन्नडमध्ये ही कीव असते. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "तुमचं काय होतं, अज्जी? माहेरचं?"

इंदिराबाईंनी डोळे पुसले.

"तुंगा."

"तुंगा! चेन्नागिदे. किती छान नाव."

"हो का?" त्या म्हणाल्या. ते नाव त्यांनी तोंडाने उच्चारलं त्याला पन्नास वर्षं झाली असतील. आई तुंगी म्हणायची, भाऊ तुंगक्का. सगळे गेले. आता ते नाव ठाऊक असलेली माणसं जगात दोनच. त्यातली एक आत्ताच ऐकून मोकळी झालेली.

हुणसूर रस्त्याच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. येलवाल येईपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या. हात गळ्याकडे जाई. टाक तिथे नव्हता. मंगळसूत्राबरोबर तोही उतरला होता आणि देव्हाऱ्यात बसला होता. पन्नास वर्षं थोरलीचं नाव अंगावर वागवलं. तिच्या नावाने हाक आली की ओ दिली, तिच्या नावाने हळदीकुंकू घेतलं, तिच्या पोराच्या तोंडून आई ऐकलं. स्वतःच्या पोटी मूल झालं नाही, त्याची खंतही भुवनने वाटू दिली नाही. सगळं तिचं घेतलं. तिला काय दिलं? वर्षातून एकदा साडीचोळी, तीसुद्धा दुसरीच बाई नेसून जायची.

भुवन फाटकाशीच उभा होता.

"सापडलं का, आई?"

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून इंदिराबाईंना कळलं की ते नाव राहू द्या म्हणणारा हा माणूस आठ दिवस झोपलेला नाही.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "तुंगा."

"तुंगा," भुवन म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मग तो फाटकाची कडी धरून नुसताच उभा राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. "पुस्तकात होतं?"

"वाचनालयात मिळालं," इंदिराबाई म्हणाल्या आणि चपला काढायला वाकल्या.

खोटं तर खोटं. तिने नाव दिलं होतं, आपण नाव दिलं, फिट्टंफाट. पाणी नेमकं कुणाला पोचायचं ते वरच्यांनी बघावं. आणि वर गेल्यावर थोरली भेटलीच तर तिची माफी मागता येईल, आणि खरं नावही विचारून घेता येईल.

अमावास्येला सकाळपासून घरात धांदल होती. भुवन धोतर नेसून दर्भ बोटात घालून बसला. इंदिराबाई सुनेबरोबर, सुष्माबरोबर, स्वयंपाकघरात होत्या. सुष्मा वडे थापत होती, त्या पाटावर बसून तळत होत्या. बाहेरून भट्टरुंचा आवाज आणि त्यामागून भुवनचा, ताम्हनात पडणाऱ्या पाण्याबरोबर येत होता. वडील झाले. आजोबा, पणजोबा झाले. मग आईची पाळी आली. भट्टरु थांबले.

"तुंगा," भुवन म्हणाला. न अडखळता, मोठ्याने, लेकाने आईला हाक मारावी तसा.

कढईत वडा तसाच राहिला. झाऱ्या हातात धरून इंदिराबाई पाटावरून अर्ध्या उठल्या होत्या.

"काय हवं, आई?" सुष्माने विचारलं.

"काही नाही ग," त्या म्हणाल्या आणि सावकाश खाली बसल्या. "मला वाटलं, मला बोलावलं."