नखाएवढा गुलाबी

“आता सांगते ते तुमच्यापैकी एकाला जरी खरं वाटलं, तर ही नळी कडाकडा चावून खाईन,” असं म्हणत रसायनशास्त्राच्या बाईंनी काचेची ब्युरेट उंच धरली. कॉलेजचा पहिला दिवस. समोरच्या निम्म्या पोरांनी शाळेत प्रयोगशाळेचं नुसतं कुलूप पाहिलेलं.

“तुमच्यासारखीच एक मुलगी होती. अर्धा अधिक अर्धा किती, तर म्हणे दोन चतुर्थांश! म्हटलं, ‘अगं बये, अर्ध्या पेल्यात अर्धा पेला पाणी ओतलंस, तर पेला अर्धाच राहील?’ तर म्हणते, ‘गळका असेल तर राहील की, बाई!’”

वर्ग खिदळला. बाईही हसल्या. त्या मुलीला त्यांनी वर्षभर कॉलेज सुटल्यावर थांबवून घेतलं होतं. पार अपूर्णांकापासून सुरुवात. खडू संपायचा, पोरगी हटायची नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचं तिनं मनाशी धरलं होतं.

“परीक्षेत आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची. रंग यावा नखाच्या मुळाशी असतो तेवढाच गुलाबी. एक थेंब जास्त पडला की बोंबला! मला तर तो जास्तीचा थेंब जिन्यातूनही ऐकू येतो.”

त्या मुलीच्या परीक्षेच्या दिवशी कानांची गरजच पडली नव्हती. तिचे तिन्ही फ्लास्क भडक गुलाबी झाले होते. कागदावर मात्र तीन रीडिंग, तिळ्या बहिणींसारखी. शेजारणीचं उत्तर कानावर पडलं, त्यावरून उलटं गणित करत तिनं ती काढली होती. समासात अपूर्णांकांची उतरंड. एकही चूक नाही. बाईंनी शिकवलेलं सगळं तिथे होतं.

“उत्तर बरोबर आहे ना, बाई?”

“बरोबर आहे गं. पण फ्लास्कात नाहीये.”

प्राचार्य म्हणाले होते, “घ्या हो सांभाळून. गरिबाघरची पोर आहे.” पण उद्या असल्याच रीडिंगांवर विसंबून कुणीतरी पाण्याचा पेला तोंडाला लावणार, हे बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी तिला नापास केलं. हे मात्र बाई वर्गात कधी सांगत नसत.

“मग हो, बाई?” पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“मग काय! पुढच्याच परीक्षेला हजर. एका झटक्यात रंग धरला!” इथून पुढे बाई गोष्टीत तिला दरवर्षी एकेक बढती देत. “आज पाणी तपासणीची मोठी साहेब झालीय. तिची सही झाल्याशिवाय गावातल्या एका नळाची टाप नाही ठिबकायची!”

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“खोटं आहे हे, बाई. ती माझी ताई. परत आलीच नाही ती. कपड्यांच्या दुकानात घड्या घालते. मला अपूर्णांक तिनंच शिकवले.”