सरदारची हळद

तळोज्याच्या महादेव म्हात्रेंना हौस आली की आवरणं देवालाही जमायचं नाही. आपल्या जर्मन शेफर्डचं, सरदारचं, लग्न ठरतंय न ठरतंय तोच ते हळदीचा मांडव घालून मोकळे झाले. दीडशे माणसांना आवतण, डीजे, गेटवर फेटा बांधलेल्या सरदारचा बॅनर. मुलगी म्हणजे पनवेलच्या फरिदाबाईंची कुत्री, माही. फरिदाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, “महादेवभाऊ, माहीचे सगळे रिपोर्ट आहेत. सरदारच्या खुब्यांचा एक्स-रे आणा, मगच पुढचं.”

म्हात्रेंना हे झोंबलंच. मुलाकडच्यांकडे कागद मागतात म्हणजे काय? शेवटी हळदीच्याच सकाळी बायकोने, हौसाबाईंनी, “जाऊन या की, एक्स-रेनं काय अंगाला भोकं पडत नाय,” म्हणून त्यांना पिटाळलं.

कळंबोलीच्या डॉक्टर निशाने स्क्रीनवर फोटो दाखवला. “दोन्ही खुब्यांचे सांधे सैल आहेत. गाडीत चढायला टाळाटाळ करतो का?”

“आळशी हाय तो. वरीसभर ओरडतोय मी त्याला.”

“आळशी नाही काका, दुखतंय त्याला. वजन कमी करा, औषधं देते, मजेत राहील. पण पिल्लं नकोत. हे दुखणं त्यांच्यातही उतरतं.”

म्हात्रेंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी दवाखान्यातूनच फरिदाबाईंना फोन करून सगळं सांगितलं आणि सरदारला उचलून गाडीत ठेवलं.

संध्याकाळी मांडव भरला. फरिदाबाईही आल्या, सरदारसाठी बिस्किटांचा डबा घेऊन. चुलतभाऊ काशिराम म्हात्रेंच्या कानाशी लागला, “मुलगीच नापास झाली म्हन. कोन विचारायला जातंय? आनि माझी कुत्री हाय की, तिला कागद नको नि काय नको.”

सोपं होतं. ठरलेलं मोडलं की खोट मुलीचीच निघते, ही गावाची रीतच. खरं बोललं तर उद्या नाक्यावर सरदारची नव्हे, म्हात्रेंची चेष्टा, आणि नावाला तर ते जिवापाड जपायचे. त्यांनी फरिदाबाईंकडे पाहिलं. बाई सरदारचं डोकं कुरवाळत होत्या.

म्हात्रेंनी डीजेवाल्याकडून माइक घेतला.

“मंडळी, लग्न मोडलंय. मुलगी सोन्यासारखी हाय. खोट आमच्या पोऱ्यात हाय. त्याची पिल्लं कुनी मागू नका. काशिराम, तू पन नाय. आता जेवून जा सगळे.”

मुलाचा बाप माइकवर असं बोलतो, हे तिथे कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

मग बायकांच्या रांगेतून काशिरामची लेक वेणू उठली. सहा वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं मोडलं होतं. मुलाला आधीचीच एक बायको असल्याचं निघालं होतं, तरी खोट मात्र वेणूतच काढली होती सगळ्यांनी. तिने एक ताट वाढलं आणि सगळ्यांसमोरून चालत येऊन म्हात्रेंपुढे धरलं.

“काका, पयले तुमी जेवा.”

काशिरामने मान वर केली नाही.