कडूबाईकडे उठलेला हात

ईट गावच्या महादेवाच्या देवळापुढं त्या बाजाराच्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीच्या पाट्या तशाच टाकून बायका आल्या होत्या, गडी बैल झाडाला बांधून आले होते, आणि सगळ्यांचे डोळे सभामंडपातल्या एका खांबाकडं लागले होते. खांबाशी बसवराज कापडवाला उभा होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, आणि डाव्या हाताची पाठ खांबाला लावून तो जीव खाऊन खांब ढकलत होता. देवऋषी भस्मनाथबाबा शेजारी डमरू बडवत होते.

“दाबा, शेटजी, दाबा! दुखरा हात मुका, चांगला हात साक्षीला! हात उठे, पाप फुटे!”

जप संपला तसं बाबांनी बसवराजला खांबापासून पुढं ओढलं. “आता हात सैल सोडा.”

बसवराजनं हात सोडला, आणि तो आपोआप वर चढू लागला. बसवराजचा चेहरा पांढराफटक पडला. हात खांद्यापर्यंत आला आणि खांबापलीकडं बसवलेल्या कडूबाईवर रोखला गेला.

“हीच ती!” बाबा गरजले.

गर्दी मागं सरकली. एका बाईनं लेकराचं तोंड पदरात झाकलं. मी गावचा शाळामास्तर, बाबाबुवांचं नाव काढलं की नाक मुरडणारा. पण माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

हे सगळं सुरू झालं गोल्फपायी. निजामाचं राज्य होतं, महायुद्धाची वर्षं होती. रस्त्याच्या कामावर आलेल्या इंजिनिअर साहेबांनी आमच्या गायरानात गोल्फ मांडला. लोखंडी टोकाची काठी आणि टणक पांढरा चेंडू. साहेबांची मर्जी राखायला बसवराज आणि आण्णासाहेब वकील रोज संध्याकाळी खेळायला जाऊ लागले. गाव त्याला साहेबाचा विटीदांडू म्हणायचं. खेळात अडचण नको म्हणून कडूबाईच्या शेळ्या गायरानातून हाकलल्या. बाई विधवा, शेळ्यांवरच पोट. ती रडत ओरडली होती, “हात झडतील तुमचे!” आणि थोड्याच दिवसांत साहेबांचं मनगट, आण्णासाहेबांचं कोपर आणि बसवराजचा खांदा, तिन्ही धरले. साहेब इलाजाला हैदराबादला गेले. गावात कडूबाईच्या शापाची भीती राहिली.

आता बाबांनी देवळापुढं चूल पेटवली होती. कढईत तेल उकळत होतं आणि तळाशी तांब्याचं कडं टाकलं होतं. कडूबाईनं ते हातानं काढायचं. हात भाजला तर करणी तिचीच.

“माज्या तोंडातून रागानं गेलं वो,” कडूबाई म्हणाली. “म्या काय बी केलं न्हाय. हात जळाला तर शेळ्या कोण धरंल?”

“माझ्या लेकाचा हात गेला त्याचं काय?” बसवराजची आई गंगम्मा किंचाळली. “घाला तिचा हात!”

दोघा गड्यांनी कडूबाईचं मनगट धरलं. लोक बिथरले होते. मधे पडणाऱ्यालाही सोडलं नसतं. तेवढ्यात मला शाळेच्या दाराची चौकट आठवली. मधल्या सुट्टीत पोरं चौकटीत उभी राहून हातांच्या पाठी लाकडाला दाबायची, मग बाहेर यायची, आणि त्यांचे हात आपोआप वर जायचे. चौकट खिळखिळी होईल म्हणून मीच त्यांना रागवायचो!

“थांबा!” मी ओरडलो. “बाबा, साक्ष बसवराजचाच हात देतो की कुणाचाही?”

“देवाला सगळे हात सारखे!” बाबा फुशारले.

“मग गंगम्मा, तुम्ही या.”

गंगम्मा तावातावानं आली. मी तिला खांबाच्या दुसऱ्या अंगाला उभं केलं, आणि समोर, खांबापलीकडं, बसवराजला बसवलं.

“त्या अंगानं नाही चालत!” बाबा गडबडले.

“का? देवाला अंग असतं का?”

गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. गंगम्मानं जोर लावून खांब दाबला. जप मीच म्हटला. मग तिला पुढं घेतलं, आणि तिचा हात सावकाश वर उठला. थेट तिच्या लेकाकडं.

“शिवा, शिवा! खाली ये की!” म्हातारी आपल्याच हाताला विनवू लागली.

“गंगम्मा, आता कढईत बसवराजचा हात घालायचा का?”

गड्यांनी कडूबाईचं मनगट सोडलं. मी सांगितलं, ढकलणाऱ्या स्नायूला आपण थांब म्हटलं तरी तो लगेच थांबत नाही. खांब आड नसला की तो हात उचलतो. समोर जो बसेल तो चेटक्या.

“मग खांदा कशानं गेला?” बलभीम शेतकऱ्यानं विचारलं.

“कुदळ दगडावर आपटली की काय होतं?”

“खांद्यापतुर झिणझिण्या जात्यात.”

“गायरानात चार बोटं मातीखाली दगड आहे. बसवराज, चेंडू कसा मारायचास?”

“विटी हाणावी तसा,” तो मान खाली घालून म्हणाला. “नुसत्या हाताच्या जोरावर. काठी लई येळा दगडाला बसली. दुखत व्हतं, पण साहेबाला न्हाय कसं म्हणू?”

दिवसभर गादीवर बसणारी माणसं, आणि संध्याकाळी दगडावर घाव! खांद्याला विश्रांती हवी होती, देवऋषी नव्हे.

गंगम्मानं पुढं होऊन चुलीतली लाकडं ओढून काढली. त्या धांदलीत बाबा डमरू तिथंच टाकून पसार झाले.

संध्याकाळी कडूबाई शेळ्या सोडायला गेली. मीही बरोबर होतो. गड्यांनी आवळलेल्या मनगटानं तिला दाव्याची गाठ सुटेना. मागून गंगम्मा आली आणि तिनं गाठ सोडली. शेळ्या गायरानात शिरल्या.

वाचकहो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आज घरच्या चौकटीत उभे राहा, हाताची पाठ जोर लावून दाबा, मग बाहेर या. हात वर जाईल. तो ज्याच्याकडं जाईल त्या माणसाकडं नीट बघा, आणि मग ठरवा, त्याचा हात उकळत्या तेलात घालायचा का.